हातचा

वही अकरा वर्षांची झाली.
पुठ्ठ्याला डिझेलचा वास, पानांच्या कोपऱ्यांना माझा अंगठा.
बुर्ज हम्मूदच्या या गल्लीत आकाश आधीच चिंचोळं,
त्यात वायरींची गुंतवळ,
आणि कुठली वायर कुणाच्या खिडकीत शिरते
ते मी झोपेतही सांगेन :
नाझारेत चांभार, पाच अँपिअर.
वार्तुहीबाई, शिवणकाम, दहा.
तिसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य, पंधरा, आणि पैसे कधीच वेळेवर नाहीत.

सरकारी वीज येते दिवसातून दोन तास,
न कळवता आलेल्या पाहुण्यासारखी,
कॉफी उकळायच्या आत उठून जाते.
उरलेला अंधार बोगोसशेठच्या जनरेटरचा,
आणि त्या अंधाराचा हिशेबनीस मी.

मार्चमध्ये वार्तुहीबाईंनी वायर काढायला सांगितली.
गच्चीवर आठ पत्रे चढले होते, निळसर काळे,
पाण्याच्या टाक्यांमधून वाट काढत
उन्हाकडे पाठ शेकत बसलेले.
केवढ्याला पडले, मी विचारलं.
त्यांनी मशीनचं पायडल थांबवलं नाही.
"चार हजार डॉलर. त्यातले अडीच बॅटरीचे.
ऊन फुकट आहे रे, गराबेद.
ठेवायचा डबा महाग."

रात्री वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं.
महिना एकशेतीस.
चार हजार भागिले एकशेतीस : तीस, बाकी शंभर.
अडीच वर्षं आणि थोडे दिवस.
बॅटरी आठ वर्षं टिकते, म्हणतो विकणारा.
विकणारा किती टिकतो, ते नाही म्हणत.
पुन्हा भागलं.
उत्तर माझ्या पोटावर येणारं होतं,
पण बरोबर होतं.

तागुहीबाई शाळेत बेरीज शिकवायच्या, खडूनं टकटक करत :
एका घरात मावलं नाही तर पुढच्या घरात न्या.
हातचा विसरलात की सगळं चुकलं.
ती बॅटरी म्हणजे तेवढंच.
दुपारच्या घरात न मावलेला
हातचा.

मग दंतवैद्य गेला. मग बेकरी. मग दोन्ही सोनार एकाच आठवड्यात.
मी पट्टी लावून नावं कापत गेलो.
जनरेटर मात्र पूर्वीइतकंच पितो,
माणसं कमी झाली म्हणून त्याची तहान कमी होत नाही.
बोगोसशेठ म्हणाले, पाचवाल्यांचा दर वाढव.

पाचवाले म्हणजे ज्यांना गच्ची नाही.
नाझारेतच्या दुकानात सूर्य येतो
दुपारी वीस मिनिटं,
तोही समोरच्या बँकेच्या काचेवरून, उसना.
वर गेलेल्यांचा खर्च खाली राहिलेल्यांवर :
मी तो आकडा त्याच्या नावापुढे लिहिला.
माझंच अक्षर, कधी नव्हे इतकं सुवाच्य.

जानेवारीत सहा दिवस ढग.
सातव्या दिवशी वार्तुहीबाई जिना उतरून आल्या,
महिन्यापुरते पाच द्या म्हणाल्या.
शेठनी दुप्पट सांगितले. त्यांनी मोजून दिले.
कुणी हसलं नाही. मीही नाही.

ऊन परतलं तेव्हा एक पिवळी वायर दिसली,
बारीक, नवी,
गच्चीवरून वळचणीला धरून खाली,
चांभाराच्या झडपेच्या फटीत.
आत दिवा, आणि पॉलिशच्या चाकाचा आवाज.
वार्तुहीबाईंच्या मशीनला त्या आठवड्यात
नवा चामडी पट्टा होता.

शेठनी मान वर करून विचारलं, ही कुणाची?
म्हटलं, जुनी टेलिफोनची असेल.

वही उघडली. पेन हातात घेतलं.
नाझारेतच्या ओळीत पाचाचे दोन केले, त्यानं सांगितलं होतं तसे.
उरलेल्या तिनांचं काय, ते कुठेच लिहिलं नाही.

हातचा शाईनं लिहीत नसतात,
म्हणायच्या तागुहीबाई.
तो डोक्यात ठेवायचा,
आणि पुढच्या घरात गेल्यावर
गुपचूप मिळवायचा.